मॅटच्या काठापर्यंतचे ठसे

कोच डिमासचा फोन आला तेव्हा लुएला प्रॉब्स्टची सकाळची कॉफीसुद्धा झाली नव्हती. ओहायोतल्या वेलर कॉलेजच्या सुरक्षेची ती प्रमुख. खात्यात माणसं एकूण दोन.

कोचच्या ऑफिसातून एक पाकीट चोरीला गेलं होतं. त्यात शेजारच्या पाच छोट्या कॉलेजांची सह्यांची पत्रं होती: विमानानं लांब जायचं नाही, सामने आपसातच खेळायचे, बस वाटून घ्यायची. विश्वस्तांच्या दुपारच्या बैठकीत ती पत्रं आली नाहीत, तर खर्च परवडत नाही म्हणून कुस्तीचा संघ बंद होणार होता. अठ्ठावीस पोरं उघड्यावर पडली असती.

कुलूप शाबूत होतं. किल्ल्या तिघांकडे: कोच, क्रीडासंचालक गॉर्मन आणि विश्वस्तांचे अध्यक्ष ऑर्विल टेट. कोच संघाबरोबर परगावी होता, तासापूर्वीच परतला.

ऑफिसला जायचं तर कुस्तीची मॅट ओलांडावी लागे. दारापासून पांढरे ठसे आले होते, बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेल्या मिठाचे. मॅटच्या काठाशी दोन बुटांचे ठसे शेजारी शेजारी उमटले होते. पुढे काहीच नाही.

"गॉर्मनच," कोच म्हणाला. "आम्हाला गाडायलाच बसलाय तो."

लुएलानं गॉर्मन आणि टेट दोघांनाही बोलावून घेतलं. गॉर्मन फोनवर बोलत आला आणि बुटांसकट थेट मॅटवर चढला. मॅटवर बाहेरचे बूट चालत नसत; कोचनं दात आवळले. मागून टेट आले, काठाशी थांबले आणि वाकून नाड्या सोडू लागले.

"टेटसाहेब, इथं शेवटचं कधी आला होता?"

"पदवी घेतली तेव्हा. चाळीस वर्षं झाली."

"मग बूट काढायला आत्ता कुणी सांगितलं?"

टेट सोडलेली नाडी पुन्हा बांधू लागले.

लुएलानं मग सगळं उलगडून सांगितलं. चोर घाईत होता, तरी बूट काढून मॅटवर गेला. गॉर्मनला ते जन्मात सुचलं नसतं. कोच गावात नव्हता. उरला या मॅटवर घाम गाळलेला जुना पैलवान. कुस्ती बंद झाली, की याच जागेवर टेट यांच्या नावाची फुटबॉलची इमारत उभी राहणार होती.

टेट यांनी बॅगेतून पाकीट काढलं. "संघ तसाही टिकला नसता," ते पुटपुटले.

"मग चोरायची वेळ का आली?" लुएलाचा आवाज चढला. "मत कुठल्याही बाजूनं द्या. पण ही पत्रं तुम्हीच वाचायची. उभं राहून, मोठ्यानं, त्या अठ्ठावीस पोरांसमोर."

"बैठकीत विद्यार्थ्यांना सोडत नाहीत," गॉर्मन म्हणाला.

"दारावर कोण उभं असतं, गॉर्मन?" लुएला म्हणाली. "मीच ना?"