मोर्णेकाठच्या खारी

देवमन अकोल्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचा आणि सुट्टीच्या दिवशी खारी पकडायचा. शहरात कोंडल्या गेलेल्या प्राण्यांचा वंश कसा बदलत जातो, हा त्याच्या संशोधनाचा विषय. मोर्णेकाठी कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात निंबाची झाडं होती. एका बाजूला नदी, बाकी तिन्ही बाजूंनी रस्ते आणि घरं, त्यामुळे तिथल्या खारींना बाहेर जायला वाटच नव्हती. पिंजऱ्यात शेंगदाणे ठेवायचे, खार अडकली की मोजमाप घ्यायचं आणि सोडून द्यायची.

बासष्टच्या उन्हाळ्यात त्याची बायको शकुन विषमज्वरानं गेली. मूलबाळ नव्हतं. घर खायला उठायचं, म्हणून तो पुन्हा आवारात जाऊ लागला.

त्या हिवाळ्यात एका पिल्लाच्या डाव्या पंज्याचं शेवटचं बोट आत वळलेलं दिसलं. शकुनची करंगळी तशीच होती, तिच्या आईचीही. पुढच्या वर्षी तशा बऱ्याच खारी निघाल्या, त्याच्या पुढच्या वर्षी जवळजवळ सगळ्याच. आपापसातच वीण झाली की एखादा गुण असा पसरतो, हे तो वर्गात शिकवत आला होता. पण पहिल्या पिल्लात तो आला कुठून? नदीपलीकडे, पार बार्शीटाकळीच्या मळ्यांपर्यंत, तसं बोट कुठंच सापडलं नाही.

पकडलेली खार सोडताना त्याचा हात रेंगाळू लागला. त्याही आता चिरकत नव्हत्या. तळहातावर गपगार बसून राहायच्या, ऊबदार.

शकुनची आई मनकर्णाबाई भेटायला आली, तेव्हा ओसरीवर पिंजरा होता. तिनं वाकडी करंगळी तारेला लावली. खारीनं आतून त्यावर पंजा ठेवला. म्हातारी कितीतरी वेळ तशीच बसली.

“मामी, असं होत असते जनावरांत,” देवमन म्हणाला.

“तिले कावून अडकवून ठेवता, जवाईबुवा? जाऊ द्या.”

“सोडतोच ना मी.”

“तुमी नाई सोडून राहिले,” ती हळूच म्हणाली.

त्यानं अमरावतीची नोकरी घेतली. निघायच्या दिवशी दुपारी तो शेवटचा पिंजरा उचलायला आवारात गेला. जुन्या सरकीचा खवट वास. वारा पडलेला. त्यानं शेंगदाणे काढून टाकले, दाराची स्प्रिंगही काढली.

निंबावरून एक खार उतरली.

त्याच्या ओठांवर नाव आलं.

ती रिकाम्या पिंजऱ्यात शिरली. आत वळून त्याच्याकडे पाहिलं.

मग पंज्यानं तार धरली आणि दार आतून ओढून घेतलं.