मडमेची माळ

"पावसाचं पानी हाय काय गं तुझ्याजवळ?"

मोरा बंदराच्या धक्क्यावर, लाँचमधून उतरल्या उतरल्या, एका अनोळखी तरुणानं ठमीला हे विचारलं. अंगात इस्त्रीचा सदरा, खांद्याला कॅनव्हासची पिशवी, आणि छातीशी दुधाच्या पावडरचा डबा, तोही अगदी तान्हं मूल धरावं तसा.

ठमी पायरीवर बापाची वाट बघत बसली होती. नाव ठमी, पण चालणं झपझप आणि बोलणं त्याहून झपझप. बाप, धर्माजी, मिठाच्या गलबतावर तांडेलाशी बोलायला गेला होता. तिच्याजवळ भाकरीचं गाठोडं होतं आणि तांब्याभर पाणी. विहिरी सगळ्या मचूळ, म्हणून पावसाचं पाणी रांजणात साठवून वर्षभर पुरवायचं ही तिथली रीत.

"हाय की. तहान लागलीय?"

"मला न्हाय... हिला."

त्यानं डब्यावरचा ओला फडका उचलला. आत मूठभर झाड. पानांच्या टोकाला उघडलेल्या चिमुकल्या ओंजळी, आतून लालसर, आणि कडेला पापण्यांसारखे केस.

"अमेरिकेच्या बंदरातून आणलीय. बोटीवर सगळे हिला मडम म्हणायचे. आपलं पानी हिला सोसत न्हाय, पावसाचंच लागतं."

"बाई गं... लाडाची दिसतेय!"

तेवढ्यात भाकरीवर घोंघावणारी एक माशी जाऊन त्या ओंजळीत बसली. पान मिटलं. गपकन. केसांत केस अडकले आणि आत माशी भणभणायला लागली.

"अगो आये! सोड तिला! मेली ना ती!" ठमीनं पुढचामागचा विचार न करता बोटांनी पान उकललं. माशी उडाली, ती थेट समुद्राकडे.

तरुण बघतच राहिला. मग त्याची नजर तिच्या गळ्यातल्या तुळशीच्या माळेवर गेली आणि तो हसला. ते हसू आधी डोळ्यांत आलं, मग ओठांवर.

"धर्माजी माळकऱ्याची तू? तरीच... किती दिसांनी बिचारी जेवायला बसली होती. ताटावरनं उठवलीस."

ठमीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. भुकेल्याला ताटावरून उठवणं, तेही परक्याच्या पाहुणीला! तिनं निमूटपणे सगळा तांब्या डब्यात रिकामा केला. दुपारी बापाला पाण्यावाचून भाकर खावी लागली, पण का ते तिनं सांगितलं नाही.

तरुणाचं नाव दयाराम. शेजारच्या पाड्यातल्या वेणूबाईचा मुलगा, आगबोटीवर खलाशी, दिवाळीनंतर पुढच्या बोटीवर जायचा. तोवर मोकळा. आणि मोकळ्या माणसाला मिठागराचा बांध फार आवडायला लागतो, हे काय सांगायला हवं?

बापाची भाकर घेऊन ठमी बांधावरून निघाली की दयाराम समोरून येणारच.

"आज इकडं कुठं?"

"मडमेला हवा दाखवायला."

"हवा घराकडं न्हाय?"

"हाय. पण त्या हवेत ठमी न्हाय..."

ती पदराआड हसायची आणि वाट सोडायची नाही. बांध अरुंद. एकानं बाजूला व्हायला हवं. दोघांपैकी कुणालाच घाई नसायची.

अशा गोष्टी लपत नाहीत. हीही धर्माजीच्या कानावर गेली. माणूस मनानं वाईट नव्हता, पण माळ म्हणजे त्याचा प्राण. ऐन तरुणपणी, सगळं गाव मासळीवर जगत असताना त्यानं ती घातली होती. त्यानं दयारामला अंगणात बोलावलं.

"जातीचा हायस, कमावता हायस. पण माज्या लेकीनं मासळी रांधायची न्हाय. कार्तिकातल्या एकादशीला माळ घाल. मग बोलू."

"घालतो. मासळी आजपासनंच सोडली," दयाराम म्हणाला. इतक्या पटकन, की दाराआड उभी असलेली ठमी सुखानं भिंतीला टेकली. तो काय सोडतोय, याचा विचार तिच्या मनालाही शिवला नाही. पुढे याच गोष्टीची तिला सगळ्यात जास्त शरम वाटायची होती.

मग पुढच्या बोटीचं नक्की करायला दयाराम मुंबईला गेला. जाताना डबा ठमीच्या हातात दिला.

"आय टाकून दील हिला. तू सांभाळ. माशी आपोआप येऊन बसंल, तू मारू नको. तू फकस्त उठवू नको." बोलताना त्याचं बोट तिच्या बोटाला लागलं आणि जरा जास्तच वेळ तिथे राहिलं.

"माळकऱ्याच्या ओटीवर हत्या करणारं झाड?" धर्माजी कडाडला. "उद्याच्या उद्या परत कर."

"सुदरंल ती, बाबा," ठमी घाईघाईनं म्हणाली. "दयाराम सुदरतोय ना? तशी हीपण."

बोलून तर बसली! मग तिनं डब्यावर जुन्या धोतराचा विरविरीत तुकडा बांधला, माशी आत येऊ नये म्हणून, आणि मडमेला माळकरी करायला घेतलं.

पहिल्या दिवशी मोड आलेला वाल दिला. काडीनं ओंजळीत ठेवला, काडीनंच जरा ढवळलं, आणि पान मिटलं! ठमी नाचायचीच बाकी राहिली. दुसऱ्या दिवशी भिजवलेली चणाडाळ, मग ओल्या खोबऱ्याचा किस, मग मातीत जपून ठेवलेली फणसाची आठळी उकडून तिचा कण. एकादशीला साबुदाणा, कारण उपास म्हणजे उपास. मडम सगळ्यावर मिटायची.

बातमी पाड्यात पसरली. बायका बघायला आल्या, कुणी राजगिऱ्याचा दाणा आणला, कुणी भोपळ्याची फोड. रंगूकाकी म्हणाली, "बाय माजे, हिच्या हाताला गुण हाय." आणि धर्माजी... धर्माजीनं तर दोऱ्यात तुळशीचा एक मणी ओवून डब्याच्या गळ्यात बांधला! भजनाला गेला तिथेही सांगून आला: परदेशचं झाड सुधारलं, मग माणूस का नाही सुधारणार?

त्याच रात्रीच्या पावसानंतर सकाळी ठमीनं धोतराचा तुकडा उचलला. वालाचं पान उघडलं होतं. वाल तसाच होता. उलट त्याचा मोड लांब होऊन पानाच्या केसांतून बाहेर डोकावत होता. मडमेनं त्याला चाखलंही नव्हतं. डाळीचं पान कडेनं काळं पडलं होतं, आणि खोबऱ्याच्या पानाला वास येत होता.

ठमीनं इकडेतिकडे बघितलं आणि काळी पानं कात्रीनं कापून मिठागराच्या चरात टाकली.

तिथून तिची झोप उडाली. दिवसा बायका येऊन कौतुक करायच्या आणि ती मान खाली घालून उभी राहायची. त्यांना ते लाजणं वाटायचं. खरं म्हणजे तिला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटत होतं. रोज एखादं पान काळं पडे, रोज ती कात्री लपवी. आणि तरी दाणे देणं थांबवता येईना, कारण बाप संध्याकाळी विचारायचाच, "जेवली काय गं आपली माळकरीण?"

"व्हय बाबा," ती म्हणायची. माळ गळ्यात असताना. खोटं.

दयाराम मुंबईहून परतला तेव्हा डबा तिनं आत ठेवला. "थंडी लागंल तिला," म्हणाली. तोंडाला येईल ते. त्याच्यासाठी मात्र वालाचं बिरडं करून बांधावर नेलं. त्यानं सगळं खाल्लं, बोटं चाटली.

"झक्कास!"

पण गालफडं बसली होती त्याची. पूर्वी बांधावर चार गोष्टी सांगायचा, बोटीच्या, बंदरांच्या... आता घास गिळायचा आणि खाडीकडे बघत राहायचा.

"बरं न्हाय काय?"

"ब्येस हाय. सवय व्हईल."

सवय व्हईल! हेच, अगदी हेच ती रोज सकाळी डब्याशी बोलत होती.

मडमेचं एकच पान उरलं, तेव्हा तिला राहवेना. सांगून टाकायचं, मग तो बोलो, न बोलो. डबा पदराखाली घेऊन भर दुपारी ती त्याच्या घराकडे निघाली. वेणूबाई बाजाराला गेली होती. अंगणात दोऱ्यांवर बोंबील वाळत होते, त्यांवर माश्या घोंघावत होत्या. आणि त्या बोंबलांच्या पडद्यामागं, चुलीतल्या निखाऱ्यापुढं, उकिडवा बसलेला...

"दया?"

तो ताडकन उठला. हात पाठीमागे. ओठाला राख. भाजक्या बोंबलाचा वास अंगणभर.

ठमीचेही हात पाठीमागेच होते.

"काय हाय हातात?" तिनं विचारलं.

"काय न्हाय... तुज्या हातात काय हाय?"

"काय न्हाय."

दोघंही लाल झाली. दोघांपैकी एकही पुढे येईना. शेवटी त्यानंच मान खाली घातली आणि हात पुढे केला. अर्धा बोंबील.

"पयल्या आठवड्यापासनं खातोय," तो पुटपुटला. "चोरून. आयला पण ठावं न्हाय. तुजं बिरडं खायाचं, झक्कास म्हनायचं, आन् मग हितं येऊन... वर बघायची लाज वाटते मला. पण एकादशीला माळ घालीन, ठमे. आईशप्पथ घालीन. उपाशी मरीन, पण..."

"गप!" तिनं डबा पुढे केला. तिला रडू अनावर झालं होतं. "हे बघ आधी. हे मी केलंय. वाल घातले, खोबरं घातलं, साबुदाना घातला... तोंड मिटायची म्हनून मला वाटलं, जेवते. ती उपाशी होती रे. सगळा गाव मला शाबासकी द्यायचा आन् मी मागल्या दारी तिची पानं कापायची. आन् तुजंपण तेच केलं मी. तूपन तोंड मिटून घेतलंस, मला वाटलं, सुखी हायस."

तो नुसता त्या एकुलत्या पानाकडे बघत राहिला. "मरतेय काय गं ही?" एवढंच हळूच म्हणाला.

ठमीनं पदरानं डोळे पुसले. मग जन्मात केलं नव्हतं ते केलं. दोरीवर माशी बसली होती, तिच्यावर ओंजळ झाकली. मुठीतली भणभण मनगटापर्यंत जाणवली. "माफ कर गं बाय," ती माशीला म्हणाली, डोळे मिटले, चाचपडत पंख धरला आणि माशी पानात सोडली.

पान मिटलं. आतली धडपड हळूहळू थांबली, आणि पान आणखी घट्ट मिटलं. तसं ते वालावर कधीच मिटलं नव्हतं.

"माळ माज्या गळ्यात ऱ्हाईल," ठमी म्हणाली. "मासा तुज्या ताटात. रांधायचा तू, न्हायतर तुज्या आयनं. आन् बाबांना मी सांगनार. आजच."

"त्यांनी न्हाय म्हटलं तर?"

"तर... न्हाय." ती पुटपुटली. "पण खोटं बोलून नगं."

संध्याकाळी तिनं डब्याच्या गळ्यातला मणी सोडला आणि बापापुढे ठेवला. वाल, कात्री, चर, दुपारची माशी, सगळं सांगितलं. बोंबलाचंही. धर्माजीनं मणी उचलला, मुठीत धरला आणि उठून आत गेला.

त्यानंतर तो बोलेचना. मिठागरावर जाई, येई, जेवे, भिंतीकडे तोंड करून निजे. भजनालाही जाईना, तिथं काय सांगून आला होता ते आठवत असेल. बाप आपल्यापायी गावात मान खाली घालून चालतो, हे बघून ठमीचा जीव कासावीस होई. बांधावर ती जाईनाशी झाली. कार्तिकातली एकादशी आली आणि गेली. दयारामला कुणी माळ घालायला बोलावलं नाही, आणि लग्नाचंही कुणी बोललं नाही. दयारामच्या बोटीची तारीख तेवढी जवळ येत होती.

मग एका सकाळी ती ओटी सारवत होती. मडमेला टाचणीच्या डोक्याएवढं नवं पान फुटलं होतं, पण ते दाखवायचं कुणाला?

"ठमे..." बापाचा आवाज. अगदी हलका. "ठमे, हिकडं ये. सावकाश."

धर्माजी डब्याशेजारी मांडी घालून बसला होता, ताठ. त्याच्या गुडघ्यावर एक माशी होती.

"मी मारनार न्हाय," तो ओठ न हलवता म्हणाला. "पण मी हलनारपन न्हाय. घे लवकर."

तिनं माशी धरली, पानात सोडली. पान मिटेपर्यंत बाप बघत राहिला. मग त्यानं घसा खाकरला.

"तीस वरसं माळ हाय गळ्यात. पन अजूनपन सपनात जिताडा मासा येतो. रश्शातला." तो कसनुसा हसला, आणि लेकीकडे बघायचं टाळून म्हणाला, "कुनाला बोललो न्हाय. शरम वाटली... जा, वेणूबाईच्या पोराला सांग, बोटीवर जायच्या आधी साखरपुडा करू. माळेचं बोललो, ते मागं घेतलं."

ठमी धावली. नावाला न शोभेल अशी, बांधावरून, शेणाच्या हातांनी. दयाराम अंगणात चुलीपाशीच होता. तिला बघताच सवयीनं त्याचे हात पाठीमागे गेले.

"पुढं आन," ती धापा टाकत म्हणाली. "दोनी हात!"

त्यानं घाबरत पुढे आणले. एका हातात बोंबील, दुसरा रिकामा. त्या रिकाम्या हातात तिनं आपला हात ठेवला, शेणासकट, आणि तो बोंबील खाऊन होईपर्यंत काढला नाही.