झाकण न काढता काढलेले छत्तीस फोटो

ही घटना खरी आहे. ज्याच्यावर गुदरली तो राजशेखर माझा चुलतभाऊ. गेल्या एप्रिलातली, सोलापुरातली. आणि रात्रीची नाही... भर दुपारची.

राजशेखर लग्नांचे फोटो काढतो. फिल्मचा रेंजफाइंडर कॅमेरा घ्यायचा, हे त्याच्या मनात कित्येक वर्षं होतं. ओळखीच्या शांतम्मांकडे त्यांच्या वारलेल्या नवऱ्याचा होता. किंमत ऐकून राजशेखरची बायको म्हणाली, "एवढ्यात स्कूटर येती की!"

शांतम्मा म्हणाल्या, "एक रोल काढून बघा. मग ठरवा."

त्याने सहा वर्षांच्या लेकीला, महेश्वरीला, अंगणात धुण्याच्या दगडावर उभं केलं. छत्तीस फोटो काढले. ती जागची हलली नाही.

शेवटी खुदकन हसली. "अप्पा, झाकण काढलंच न्हाय की!"

या कॅमेऱ्यात भिंगातून बघत नाहीत. वर वेगळी छोटी खिडकी असते. झाकण राहिलं तरी डोळ्याला सगळं लख्ख दिसतं. भले भले फसतात.

तरी त्याने रोल टाकला नाही. झाकलेला रोल धुतल्यावर काचेसारखा कोरा निघायला हवा. डाग दिसला, तर कॅमेऱ्यात कुठून तरी उजेड शिरतोय. मग घ्यायचा नाही.

न्हाणीघरात अंधार करून त्याने रोल धुतला. उजेडात धरला.

कोरा नव्हता.

चौकटींत अंगण होतं... आणि महेश्वरी.

पहिल्या फोटोत ती दगडावर होती.

पाचव्यात... एक पाऊल खाली.

विसाव्यात अंगणाच्या मधोमध. तोंड हौदाकडे.

पस्तिसाव्यात कठड्यावर.

छत्तिसाव्यात... नुसता हौद.

बाहेर मघापासून चाललेली तिची बडबड थांबली होती.

तो ओल्या हातांनी धावला. नळाला पाणी पाच दिवसांनी येतं, म्हणून हौद काठोकाठ भरलेला. महेश्वरी कठड्यावर बसून, पाय आत सोडून, पुढे वाकली होती. त्याने दंडाला धरून तिला ओढलं.

"फोटो काढायलेत की, अप्पा."

"कोण?"

तिने पाण्याकडे बोट केलं.

संध्याकाळी तो कॅमेरा परत घेऊन गेला. शांतम्मांनी त्याला हातही लावला नाही.

"शेवटच्या फोटोत पोरगी हाय का?"

"न्हाय. पण घरी हाय. बरी हाय."

त्या म्हणाल्या, "आमच्या पोराच्या, शिवूच्या वेळी यांनी रोल चार दिवसांनी धुतला."

"माहीत असून दिलात, अक्का?"

त्यांनी दार लावून घेतलं.

हौद आता बुजवलाय. मी रोज संध्याकाळी महेश्वरीला अंगणात पाढे शिकवतो. म्हणता म्हणता ती मधेच थांबते. हौद होता तिकडे मान जराशी वळवते...

आणि हसून तशीच, न हलता, बसून राहते.