आत : एक

तक्रार अगदी साधी होती. बोगद्यातली पाळी संपली, माणसं बाहेर आली, तरी हजेरीचं पान म्हणत होतं, 'आत : एक'. त्या एकाचा शून्य झाल्याशिवाय सुरुंगाची परवानगी निघायची नाही. हा नियम प्रोग्राममध्ये तिनेच घातलेला, त्यामुळे घोडं अडलं की फोन तिलाच.

"ताई, बेचाळीस गेले, बेचाळीस आले," मुकादम म्हणाले. "मी स्वतः एकेक डोकं मोजलंय. तुमच्या सर्व्हरलाच मोजता येत नाही."

"त्याला तेवढंच येतं, काका. थांबा, बघते."

दुपारचे साडेतीन वाजले होते. जेवणाच्या टेबलावरची ताटं बाजूला सारून तिने लॅपटॉप उघडला. बोगदा तिच्या घरापासून रात्रभराच्या प्रवासावर, पण डीबगर जोडला की ती इथे बसून तिथल्या चालत्या प्रोग्रामला हव्या त्या ओळीवर थांबवू शकत असे आणि त्याच्याजवळ काय काय आहे ते पाहू शकत असे. 'लांबून लोकांचे खिसे चाचपायचा पगार घेतेस,' असं दादा तिला चिडवायचा.

दादा त्याच बोगद्यात सर्व्हेअर होता. दोन वर्षांपूर्वी बोगद्याचा डावा फाटा कोसळला तेव्हा तो आत होता. तीन दिवस शोधाशोध झाली. चौथ्या दिवशी बोगद्यावरच्या साहेबांचा निरोप आला, काम किती दिवस बंद ठेवायचं, यादी मिटवा. तेव्हाही पान 'आत : एक' म्हणत होतं. तिनेच डीबगर जोडला आणि दादाच्या सात नंबरच्या टॅगपुढे 'आत' होतं तिथे 'बाहेर' लिहिलं. हे तिने आईला आजवर सांगितलेलं नाही. आणि आजचा सुरुंग त्याच डाव्या फाट्याचं तोंड कायमचं बुजवणार होता.

तिने हजेरी मोजणाऱ्या ओळीवर ब्रेकपॉइंट, म्हणजे थांबा, लावला. प्रोग्राम त्या ओळीवर येऊन थांबला, आणि लगेच फोनवर गलका झाला.

"ताई, इथले सगळेच पडदे गोठले!"

तिने जीभ चावली. नवशिक्यांना ज्या चुकीवरून ती झापायची, तीच तिने केली होती. एकच थ्रेड, म्हणजे तेवढ्या कामाचा धागा, थांबवायचा सोडून अख्खा सर्व्हर थांबवला होता. आता त्याचं घड्याळसुद्धा पुढे सरकणार नव्हतं. असू दे, म्हणून तिने आतल्या माणसांची यादी उघडली. प्रत्येकाच्या टोपीत टॅग असतो आणि तो बोगद्याच्या तोंडापासूनचं अंतर कळवत राहतो. यादीत एकच नोंद होती.

नाव रिकामं. टॅग सात. अंतर ११४२ मीटर.

दादाची ही नोंद तिने स्वतः 'बाहेर' केली होती. ती त्या आकड्याकडे बघत राहिली, आणि बघता बघता तो ११४१ झाला.

थांबलेल्या प्रोग्राममध्ये आकडा हलत नाही. फोटोतला माणूस पापणी मिटत नाही, तसंच ते आहे. ११४०. ११३९. माणूस चालतो त्या बेताने आकडा उतरत होता. अकराशेवर तो बराच वेळ थांबला, कुणी वाकून काही उचलावं तसा, आणि पुन्हा चालू लागला.

फोन आता साहेबांच्या हातात गेला होता. "मॅडम, सगळी तयारी झालीय. त्या एकाचा शून्य करा. मागे केला होतात तसा."

तिने त्या एकावर दोनदा टिचकी मारली. चौकट उघडली. तिने शून्य टाइप केला. आता फक्त एंटर दाबायचं होतं. अंतर ८६० झालं होतं. भीती वाटत होतीच, लाजही वाटत होती, पण त्या दोन्हींहून मोठं काहीतरी तिच्या छातीत भरून आलं होतं. लहानपणी दादाचा हात धरून पहिल्यांदा समुद्र पाहिला तेव्हा ती अशीच गप्प झाली होती. तिने शून्य खोडला.

"नाही करणार," ती म्हणाली. "पंधरा मिनिटं द्या. आत कुणीतरी चालतंय."

"कोण चालतंय? सगळे माझ्यासमोर उभे आहेत."

ती आकड्याकडेच बघत होती. थोड्या वेळाने मुकादमांचा दबका आवाज आला. "ताई... कुठला टॅग?"

"सात."

मुकादम म्हणाले, "मी तोंडाशी उभा राहतो. तुम्ही मोजा."

ती मोजू लागली. पाचशे. तीनशे. "काही दिसत नाही," मुकादम म्हणाले. "दिवे सगळे चालू आहेत." शंभर. "वारा पडलाय, ताई..." चाळीस. दहा. तीन.

शून्य.

तिने फोन कानाशी घट्ट धरला.

"काका?"

"माणसं बाजूला झाली, ताई. बेचाळीसच्या बेचाळीस. मी कुणाला सांगितलं नव्हतं. साहेबसुद्धा सरकले, टोपी काढून... मधे वाट मोकळी सोडली सगळ्यांनी. कुणासाठी, ते मला विचारू नका."

तिला रडू फुटलं. दोन वर्षं अडकलेलं ते रडणं तिने थांबवलं नाही. मग डोळे पुसून तिने सर्व्हर चालू केला. पान म्हणालं, 'आत : शून्य'. परवानगी निघाली आणि काही वेळाने फोनमधून सुरुंगाचा जड आवाज आला. डावा फाटा बुजला होता, रिकामा. तिने मोकळा श्वास घेतला आणि डीबगर बंद करायला माउस हातात घेतला.

अंतर होतं, उणे १३१२. उणे म्हणजे तोंडाच्या बाहेर.

टॅगचे सिग्नल पकडणारी यंत्रं फक्त बोगद्याच्या आत आहेत. बाहेर एकही नाही. तिने जोडणी तोडली. मग नेटची वायरच उपटली. खिडकीतले बाकी सगळे आकडे फिके पडले. तो एक तसाच ठळक राहिला. उणे १३१९. उणे १३२०.

बोगद्यापासून एकच रस्ता खाली उतरतो आणि साडेनऊ किलोमीटरवर आईच्या दारावरून जातो. ह्या चालीने दिवेलागणीपर्यंत. आकडा नुसतं अंतर सांगत होता. दोन वर्षं त्या काळोखात काढून जे येतंय ते आता कसं झालंय, हे तो सांगत नव्हता.

तिने आईला फोन लावला.

"बोल गं. आज अशी अवेळी?"

"आई..." ती म्हणाली. दार उघडं ठेव सांगावं की आतून कडी लाव सांगावं, ते तिला ठरवता येईना.