चंद्रव्वाचा शेवटचा शब्द

"अक्का, आत ये ना गं... आज तरी आत ये!"

महेश्वरचा आवाज चिरकला, तशी अंगणातली माणसं वळून बघू लागली. पण दाक्षायणी उंबऱ्याच्या अलीकडेच उभी राहिली. काखेत पांढऱ्या फडक्यात बांधलेली कडक भाकरीची चवड, अंगावर धुवट इरकली लुगडं आणि डोळे असे कोरडे, की बघणाऱ्यालाच रडू यावं! आत समोरच त्यांच्या आईचा, चंद्रव्वाचा फोटो मांडला होता. कपाळावर विभूतीचे पट्टे, हाराआड लपलेली हनुवटी. आज तिची गणाराधना होती, दिवसकार्याची पंगत. मानाचे जंगम स्वामी जेवून उठले होते आणि पाहुण्यांची पंगत बसत होती.

"मी हितंच बसते," दाक्षायणी म्हणाली. "ह्या भाकरी तेवढ्या पंगतीत वाढा. अव्वाला आवडायच्या."

आणि ती पायरीवर बसली. महेश्वर गाठोडं घेऊन आत गेला. बहिणीने त्या घराचा उंबरा सोडला होता, हे त्याला ठाऊक होतं. सोलापुरातल्या त्या गल्लीला ठाऊक होतं.

दाक्षायणी परकर-पोलक्यातली होती, तेव्हा अक्कलकोटच्या पलीकडे, कर्नाटकाच्या शिवेला टेकलेल्या गावी तिच्या आजीची दृष्टी गेली. चंद्रव्वा त्या आजीची एकुलती एक लेक. तिला सोलापूरचा संसार टाकून जाता येईना आणि आंधळ्या आईला एकटं सोडवेना. मग काळीज कापून द्यावं तशी तिने आपली थोरली लेक आईला दिली! "आजीचे डोळे हो," एवढंच म्हणाली...

दाक्षायणी आजीचे डोळे झाली. आजीने अंधारातून हाक मारली, की असेल तिथून "बंदे!" म्हणजे 'आले' म्हणत ती धावायची. त्या डोळ्यांनी तिने विहीर पाहिली, चूल पाहिली, ज्वारीचं रान पाहिलं. शाळा तेवढी पाहायची राहून गेली. पुढे स्थळं आली, ती 'म्हातारीला कोण बघणार' या प्रश्नापाशी थबकून आल्या पावली परत गेली.

अव्वा सणावाराला, जत्रेला यायची. मायलेकी कानडीतच बोलायच्या. सोलापूरच्या घरात कानडीला बंदी होती. कचेरीत कारकून असलेल्या वडिलांना, ज्यांना सारं घर बाबा म्हणे, पोरांचं मराठी बिघडण्याची धास्ती होती. त्यामुळे ती भाषा जणू त्या दोघींपुरतीच उरली होती. तिच्यात त्या हसायच्या, भांडायच्या, एकमेकींच्या वेण्या घालायच्या. पण जो एक शब्द ऐकायला लेकीचा जीव आसुसला होता, तो आईने कधी उच्चारला नाही... 'ये. घरी ये.'

आजी गेली तेव्हा दाक्षायणीने ट्रंक भरून ठेवली होती. माती झाली, गणाराधना झाली, आई निघाली. एसटीच्या पायरीवर पाय ठेवताना वळली. ओठ हलले... आणि "जपून राहा" म्हणून आत जाऊन बसली! धुरळा खाली बसेपर्यंत दाक्षायणी रस्त्यावर उभी होती. मग घरी येऊन तिने ट्रंकेतली लुगडी पुन्हा दोरीवर टाकली आणि मनाशी बोलली, अव्वा आपल्या तोंडाने ये म्हणेल तेव्हाच त्या घराचा उंबरा ओलांडीन, एरवी नाही.

वर्षं गेली. बाबा गेले, तेव्हाही ती बाहेरूनच परतली. चंद्रव्वा गावी जाऊन तिला भेटत राहिली, तिच्या चुलीपाशी बसून तिच्या भाकरीला नावं ठेवत राहिली. पण तो शब्द दोघींच्या मध्ये तसाच राहिला, न उच्चारलेला.

आणि यंदाच्या थंडीत चंद्रव्वाला पक्षाघात झाला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. महेश्वरने फोन केला, "अक्का, निघून ये."

"अव्वा काय बोलती का?"

"दिवसभर एकच... बाबा, बाबा. दुसरं अक्षर नाही. बाबांचाच ध्यास घेतलाय तिनं."

दाक्षायणीने फोन खाली ठेवला. ज्याने मला कधी घरी आणू दिलं नसेल, शेवटी त्याचंच नाव! आणि माझं... माझं एकदाही नाही? ती गेली नाही. गेली ती एकदम अव्वाच्या मातीला. मूठभर माती देऊन तिथूनच परतली.

जेवणं आटोपली, तशा बायका ओट्यावर टेकल्या आणि चंद्रव्वाच्या आठवणी निघू लागल्या. शेजारची गुरम्मा, चंद्रव्वाची जन्माची मैत्रीण, पदराने डोळे पुसता पुसता हसत होती.

"लई चिकट बाई! नव्या पेठेत लुगडं घ्यायला गेलो की दुकानदार आमाला बघूनच कपाळाला हात लावायचा. सगळी कपाटं रिकामी करायला लावायची, आन् शेवटी पयलंच लुगडं उचलायची. वर त्यालाच म्हणायची, आधीच का न्हाय दाखवलंस?"

सगळ्या हसल्या. दाक्षायणीही हसली.

"आणि मला न्हाऊ घालताना अंग असं घासायची, जणू मी भांडंच आहे!" महेश्वरची लेक ओवी म्हणाली. ती नुकतीच बी.एस्सी. झाली होती. आजीच्या आजारपणात तिच्या उशाशी बहुतेक वेळ तीच असे. तिने आत्यापुढे जेवणाचं ताट ठेवलं, हातात पाण्याचा पेला दिला आणि शेजारीच पायरीवर बसली. "आत्या, मला एक गोष्ट खटकते. सांगू?"

"सांग की."

"आई, तू बाबांचा फोटो आजीच्या पलंगासमोर लावलास ना..." ओवी ओट्यावरच्या आईकडे वळली.

"मग? सारखं बाबा बाबा करायच्या त्या," ओवीची आई पद्मजा म्हणाली. "त्यांच्या जिवाला बरं वाटावं म्हणून लावला. फोटो बघितला की डोळ्यांतून नुसत्या धारा! मी म्हटलं, केवढी ही माया..."

"ती फोटोकडे बघून रडत नव्हती गं! आम्ही फोटो लावला म्हणून रडत होती. तू औषध देऊन जायचीस, मी तिथंच बसून असायचे. ती मान वळवून दाराकडे बघायची. फोटो हातात दिला, तर बाजूला सारला. आणि तिचं ते बोलणं... आपण दोन्ही अक्षरं जोडून ऐकली. ती तशी म्हणतच नव्हती."

"मंग कशी म्हणायची?" दाक्षायणीने विचारलं.

ओवीने डावा हात पुढे केला. तळवा खाली, बोटं हळूहळू आपल्याकडे ओढत, नजर दाराबाहेर लावून, ती थेट आजीच्या जड जिभेने म्हणाली, "बा..." मग थांबली. जणू कुणाच्या पावलांची चाहूल घेतली. पुन्हा, "बा..."

दाक्षायणीच्या हातातला पाण्याचा पेला निसटला आणि पायऱ्यांवरून घरंगळत गेला.

"पुन्ना म्हण... पोरी, पुन्ना म्हण!"

"बा..."

"शिवा शिवा!" गुरम्माने तोंडावर हात घेतला. "मी मेली लेकाकडं पुण्याला जाऊन बसले! मी हितं असते तर पयल्या दिशीच कळलं असतं!"

"काय? काय कळलं असतं?" पद्मजा गोंधळून दोघींकडे बघू लागली.

"ते बाबा न्हाय गं पद्मजा," दाक्षायणी म्हणाली. तिचा आवाज तिचा राहिला नव्हता. "कानडीत बा म्हंजे... ये."

दारात उभा असलेला महेश्वर मटकन उंबऱ्यावर बसला.

"मला कानडी कळतं की अक्का! रोज बाजारात ऐकतो... पण तिनं बाबा म्हटलं, आणि मला माझे बाबाच ऐकू आले. तेच मी तुला फोनवर सांगितलं! माझ्या कानांनी तुला तिच्यापासून दूर ठेवलं गं..."

पण दाक्षायणीच्या मनात एक भीती अजून टोचत होती. इतकी वर्षं उपाशी राहिलेलं मन. समोर ताट आलं तरी त्याचा विश्वास बसेना.

"कुणाला बी म्हणत असंल," ती पुटपुटली. "जवळ कुणी यावं म्हणून..."

"नाही आत्या. आम्ही जवळ गेलो की मान हलवायची. नाही, नाही, असं. आम्ही नको होतो तिला."

"आन् ह्या घरात ती कुणाशी कानडी बोलणार हुती?" गुरम्मा सरकत सरकत दाक्षायणीपाशी आली. "मी एकदा भांडले तिच्याशी. म्हटलं, तुझी माय गेली, आता लेकीला आण की घरी. तर म्हणाली, गुरम्मा, नवरा म्हणतोय आण, चुलीपाशी राबायला दोन हात झाले! तिथं ती घराची मालकीण हाय, हितं आणून तिला मोलकरीण करू? माझ्या तोंडाशी येतोय गं शब्द, पण मी गिळते... आन् लई रडली बाई. मला शपथ घातली, तिला सांगू नको म्हणून. सांगितलं तर म्हणे, ती माझ्यासाठी मोलकरीण व्हायला बी येईल."

एसटीच्या पायरीवर हललेले ते ओठ! दाक्षायणीला ते आज पुन्हा दिसले. आईने तो शब्द तिथे गिळला होता, आणि पुढे बाबा गेले तरी लेकीचा मान मोडू नये म्हणून, की आता कुठल्या तोंडाने बोलवू म्हणून, ती तो गिळतच राहिली. मग आजाराने तिचे सगळे शब्द ओरबाडून नेले. मराठी नेलं, नावं नेली, शिव्या नेल्या, ओव्या नेल्या... आणि हा एकच, घशात खोल अडकलेला, त्याच्या हाती लागला नाही! दिवसभर ती दाराकडे बघून तो उच्चारत राहिली, आणि लेक आपल्या गावी, आपल्या मानाला कवटाळून, त्याच शब्दाची वाट बघत बसली होती.

दाक्षायणी उठली. महेश्वरने उंबऱ्यावरून बाजूला होत तिचा हात धरायला आपला हात पुढे केला, पण तिला तो दिसलाच नाही. हॉलमधला हार घातलेला फोटो ओलांडून ती थेट आतल्या खोलीत गेली. पलंग तसाच होता. भिंतीवर बाबा तसेच होते. चादर बदलली होती. पण उशी कुणी हलवली नव्हती. दाराकडे तोंड होईल अशी, एका कडेला ओढलेली.

ओवी तिच्यामागे आली आणि दारातच थांबली. महेश्वर, पद्मजा, गुरम्मा, सगळे थांबले.

केस पिकलेली ती बाई पलंगापाशी खाली बसली. उशीवर गाल टेकला. आणि रानातून धावत आल्यासारखी धापा टाकत, परकर-पोलक्यातल्या पोरीच्या आवाजात म्हणाली,

"बंदे, अव्वा... बंदे!"