दोरीच्या पुढच्या टोकाला जावई

मला डोंगराच्या माथ्यावर उभं राहायचं होतं. बस्स, एवढंच! पण त्या डोंगरावर कोणीही उठावं आणि चालू लागावं, असं चालत नाही. तो राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत येतो. परवाना लागतो, आणि परवान्यासाठी सोडत निघते. दोन वर्षं अर्ज केला, दोन्ही वर्षं हात हलवत परतलो. तिसऱ्या वर्षी नाव लागलं, तेव्हा माझ्या दुकानातल्या गिऱ्हाइकाच्या नाकावर नवा चष्मा तसाच ठेवून मी नाचलो! कारण या मोसमानंतर उद्यान तो डोंगर पाच वर्षं बंद ठेवणार होतं, उतारांवरची झुडपं पुन्हा रुजावीत म्हणून. माझे गुडघे आत्ताच कुरकुरतात. आत्ता नाही तर कधीच नाही.

परवाना कार्यालयात खिडकीमागच्या बाईंनी नियम घडाघडा म्हणून दाखवले. पथक किमान तिघांचं. पथकप्रमुख आधी त्या माथ्यावर जाऊन आलेला हवा. दुपारी बाराला जिथं असाल तिथून मागे फिरायचं. कचरा खाली आणायचा, नाहीतर अनामत बुडाली.

"प्रमुख साठीच्या पुढचा असेल तर त्याला शुल्क निम्मं," बाई म्हणाल्या. "पण असा कोण मिळणार तुम्हाला?"

"घरातच आहे!" मी म्हणालो.

म्हणजे माझ्या सासूबाई! शाळेत कवायत शिकवण्यात त्यांची हयात गेली. तरुणपणी त्या याच माथ्यावर जाऊन आलेल्या. त्यांनी 'सावधान!' म्हटलं की मैदानावरचे कावळेसुद्धा गप्प बसायचे. तिसरी माझी बायको, आईसारखीच काटक.

"प्रमुखाचा शब्द शेवटचा, कळलं ना?" शिक्का मारताना बाईंनी बजावलं.

मला हसू आलं. सासूबाई साऱ्या जगाला हुकूम सोडतील, पण जावयाला? छे! लग्नाला आठ वर्षं झाली, तरी त्या घरात चांगली खुर्ची माझी, पंखा माझ्याकडे वळवलेला, आणि 'जावईबापू, बसा ना', 'जावईबापू, आपण कशाला उठलात?' लेकीला त्या रागावतात, लेकाला अजून धपाटा घालतात. मेहुणा म्हणतो, तुझी चैन आहे बुवा! त्याला काय सांगणार? पाहुण्याची चैन मला नको होती.

पहिला दिवस जंगलात गेला. सरळसोट उंच झाडं, पायाखाली ओल्या पाचोळ्याची गादी, आणि खोलवर कुठंतरी ओढ्याचा आवाज. ओढ्यावरचा साकव वाहून गेला होता! हातात हात गुंफून कमरेइतक्या पाण्यातून पलीकडे गेलो, तेव्हा दात असे वाजत होते की बोलायचीही सोय नव्हती. पुढे झाडं संपली, झुडपं संपली, उरले नुसते दगड. उद्यानाच्या दगडी झोपडीत मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता बर्फाला पाय लावले.

इथून प्रत्येकानं हातात बर्फात रोवायची कुऱ्हाड घ्यायची आणि तिघांनी एका दोरीला बांधून घ्यायचं होतं. जाणत्यानं पुढे राहायचं, हे कुणीही सांगेल. पण सासूबाई पुढचं टोक हातात धरून घुटमळल्या.

"जावईबापू, आपण व्हा पुढे."

"आई, अगं इथं कसला आलाय मान!" बायको म्हणाली.

"राहू दे गं. जावयाला मागे ठेवणं बरं दिसत नाही."

आणि मी शहाणा! छाती फुगवून पुढे झालो. बायको मधे, सासूबाई शेवटी.

वर डोंगराची धार अरुंद होत गेली. उजवीकडे कडा, डावीकडे तिरका उतार. तेवढ्यात वारा सुटला आणि धुकं आलं.

"जावईबापू," मागून आवाज आला, "जरा डावीकडून गेलं असतं तर... म्हणजे आपल्याला योग्य वाटलं तर हं."

डावीकडे चालताना घोटे वाकडे होत होते. उजवीकडे कडेनं बर्फ कसा छान सपाट होता! मला काही ते योग्य वाटलं नाही.

"बारा वाजायला आले असतील, नाही?"

"येऊ द्या की!" मी हसत ओरडलो. माझेच बारा वाजायला आलेत, हे कुठं ठाऊक होतं!

धुकं फाटलं. माथा! समोर! अगदी हाकेच्या अंतरावर! माझं भानच सुटलं. मी झपझप निघालो.

"अहो... जावईबापू... मला वाटतं, आपण..."

मी पाय उचलला.

"थांब! गाढवा, थांब!"

मैदानाच्या या टोकाहून त्या टोकाला जाणारा तो आवाज! माझा पाय हवेतच राहिला. आणि समोरचा बर्फ... धप्प! खोलीएवढा तुकडा तुटून नाहीसा झाला. जिला मी वाट समजत होतो, तो कड्याबाहेर वाढलेला बर्फाचा छज्जा होता, खालून पोकळ! दुसरा पायही निसटला. कमरेपासून खाली मी अधांतरी लोंबकळलो.

"आडवा पड! कुऱ्हाड रोव! खाली बघू नकोस, माझ्याकडे बघ!"

रोवली. दोरी ताठ झाली. बायको टाचा रुतवून मागे रेलली होती.

"डावा गुडघा वर घे! आणखी! रडतोस काय, ओढ स्वतःला!"

ओढलं! डावीकडच्या उतारावर येऊन पालथा पडलो.

सासूबाई रांगत आल्या. माझं डोकं, खांदे, हात चाचपले, आणि पाठीत एक सणसणीत धपाटा घातला.

"जगाला चष्मे देतोस आणि स्वतःला समोरचं दिसत नाही?"

घड्याळात बारा वाजून गेले होते. माथा मात्र तिथंच उभा होता, लखलखीत.

"सासूबाई, आता एवढंसंच तर..."

"मागे फिर."

"पण पाच वर्षं बंद..."

"फिर म्हणते ना! तुझ्यापेक्षा का डोंगर मोठा आहे मला?"

माझी आई मी कळता व्हायच्या आधीच गेली, पाठोपाठ वडीलही. काकांकडे वाढलो. ती माणसं भली, पण दुसऱ्याच्या मुलावर आवाज कसा चढवायचा म्हणून जपून बोलणारी. असं माझ्यावर कुणी ओरडलंच नव्हतं. मी फिरलो. माथा गेल्याची हळहळ वाटली, नाही कशाला म्हणू? पण पाय हलके पडत होते.

उतरताना त्यांनी मला पुन्हा पुढे घातलं. या खेपेला मानासाठी नव्हे, मागून दोरी धरायला! वाटभर माझी शाळा घेतली. पाय बघून टाक. बडबड बंद. इतक्या सुखात मी कधीच चाललो नव्हतो.

झोपडीत पोचलो, स्टोव्ह पेटला, आणि मग सासूबाईंना एकदम आठवलं.

"अगं, मी ह्यांना गाढव म्हटलं गं!" त्या लेकीशी कुजबुजल्या. मग माझ्याजवळ आल्या. "जावईबापू, मघाशी तोंडून भलतंसलतं गेलं. मनावर घेऊ नका. जेवून घ्या."

मी खिडकीकडे तोंड करून बसलो होतो. ऐकलंच नाही असं दाखवलं.

"अहो, जेवताय ना?"

मी ढिम्म.

"रागावलेत गं," सासूबाई रडवेल्या झाल्या.

बायकोनं वाकून माझा चेहरा पाहिला आणि तिला हसू आवरेना. "आई, नीट हाक मार की त्याला!"

 सासूबाईंनी दोन्ही हात कमरेवर ठेवले.

"ए गाढवा! ताट वाढलंय, ऊठ!"

"आलो, आई!"