गाडीला फुटलेला घाम

"हात लावू नकोस!" भिंग्या कुजबुजला, तोवर ठमीचं बोट गाडीच्या टपाला चिकटलंसुद्धा.

भिंग्याचे बाबा म्हणजे ठमीचे मामा. त्यांनी रंगवलेली ही गाडी काल आरशासारखी चकाकत होती. आज टपभर चिकट ठिपके. गॅरेजचे मालक नुकतेच कडाडून गेले होते: रंग कालवताना हयगय केली, म्हणून रंगाला घाम फुटतोय. गाडी न्यायला डॉक्टरीणबाई निघाल्यात. त्यांनी नाक मुरडलं, तर मामांनी उद्यापासून यायचं नाही. मामा नुसतं फडकं पिळत राहिले.

सुट्टीला आलेल्या ठमीला ते बघवेना. गाड्या आधी शेडमध्ये वाळायच्या ना, तिने विचारलं. हो, भिंग्या म्हणाला, पण जागा पुरेना म्हणून मालकांनीच गाड्या झाडाखाली लावायला सांगितल्या होत्या.

भिंग्याने लगेच दोन जुन्या काचा पुसल्या. एक शेडमध्ये ठेवली, एक झाडाखाली. काचेला रंगच नाही, मग घाम कुठला? तो, ठमी आणि तिचा धाकटा भाऊ शेपूट श्वास रोखून बसले.

दोन्ही काचा कोरड्याच. फाटकाशी रिक्षाचा हॉर्न वाजला. डॉक्टरीणबाई!

तेवढ्यात झाडाखालच्या काचेवर बारीक थेंब पडला. मग आणखी एक. शेपटाने बोट लावून चाटलंच. "ताई, गोड आहे गं!"

खोडावरून मुंग्यांची रांग वर चालली होती. भिंग्याने खालच्या फांदीचं पान उलटवून खिशातलं भिंग धरलं. पानाखाली टाचणीच्या डोक्याएवढे हिरवे किडे दाटीवाटीने बसले होते.

मालक डॉक्टरीणबाईंना घेऊन आले. "पोरांनो, व्हा बाजूला."

"काका, आधी हे बघा," ठमी वाटेतच उभी राहिली. "शेडमधली काच कोरडी, ही चिकट. रंग दोन्हींना नाही."

"हा मावा," भिंग्या घाईघाईने म्हणाला. "सोंड खुपसून पानातला रस पितो. रसात साखर भरपूर, अंग वाढवणारं सत्त्व अगदी थोडं. ते पुरेसं मिळावं म्हणून रस ढोसत राहतो, आणि नको असलेली साखर मागून बाहेर टाकतो."

"काहीतरीच!" मालकांनी मान वर केली. टप्पकन थेंब त्यांच्या चष्म्यावर.

मामांनी ओल्या फडक्याने टप पुसला. खालचा रंग आरशासारखा लखलखला. डॉक्टरीणबाईंनी त्यात वाकून स्वतःचं तोंड पाहिलं. "रंग उत्तम आहे. आणि ही पोरं तर माझ्याहून पक्की डॉक्टर निघाली."

मालक चष्मा पुसत राहिले. मग मामांकडे न बघताच म्हणाले, "उद्यापासून गाड्या शेडमध्येच लावा. तुम्ही म्हणाल तशा."

मामांनी ठमीला आणि भिंग्याला जवळ ओढलं.

शेपूट मात्र नळाशी उभा राहून चुळांवर चुळा भरत होता. "मागून बाहेर टाकतो, हे आधी सांगायचं ना, दादा!"